शिशाच्या सैनिकांचा ताळेबंद

दिवाळीच्या दिवसांत आरमोरीच्या बाजारपेठेतील व्यापारी घरात दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. आत पाटावर नवी वही ठेवून, कुंकवाचे स्वस्तिक काढून वहीपूजनाची तयारी होते. बाहेर अंगणात मुलांचे हात मातीने माखलेले असतात. विटांचे तुकडे, पोती आणि ओली माती यांतून एखादा किल्ला उभा राहत असतो. आतल्या वडीलधाऱ्यांना मुलांचे काम हा खेळ वाटतो आणि मुलांना वडिलांची वही रुक्ष वाटते. वास्तविक ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. गोदामातील पोती, गिऱ्हाइकांची उधारी, बँकेचे देणे हा सगळा पसारा एका खतावणीत मावेल एवढा लहान करून मांडणे म्हणजे धंद्याची लघुप्रतिकृती करणेच होय. मुलांचा किल्ला पाहताना 'दरवाजा नेमका कुठे होता?' असा प्रश्न पडतो, तसाच खतावणी पाहताना 'ही रक्कम खरोखर आली का?' हा प्रश्न पडतो. प्रतिकृती लहान असली तरी चालते, खोटी असली तर चालत नाही.

ही गोष्ट ज्याने आयुष्य पणाला लावून अनुभवली, अशा एका लष्करी अधिकाऱ्याची आठवण या निमित्ताने करण्याजोगी आहे. त्यांचे नाव कॅप्टन विल्यम सायबॉर्न. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रमाणबद्ध प्रतिकृती त्यांनी तयार केली. त्या कामात त्यांची आठ वर्षे गेली, घरची पुंजी गेली, वरिष्ठांची मर्जी गेली आणि डोक्यावर बसलेले कर्ज अखेरपर्यंत उतरले नाही. ती प्रतिकृती मात्र आजही लंडनमध्ये पाहावयास मिळते.

विदर्भाला परिचित असलेला सेनापती

इंग्लंडच्या एका अधिकाऱ्याशी आणि बेल्जियममधील एका रणांगणाशी गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वॉटर्लूच्या विजेत्या सेनापतीमुळे आहे. ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखते, तो आर्थर वेलस्ली आपल्या मुलखाला त्याआधी बारा वर्षे ठाऊक झाला होता. सन १८०३ च्या सप्टेंबरात असई येथे त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांशी लढाई दिली. नोव्हेंबरात अकोल्याकडील अडगाव येथे आणि डिसेंबरात मेळघाटातील गाविलगडावर त्याने भोसल्यांचा पराभव केला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. वर्धेच्या पूर्वेचा चांद्याचा प्रदेश, आणि त्याबरोबर वैनगंगेकाठचा आरमोरी-वैरागडचा हा टापू, भोसल्यांकडेच राहिला.

हाच वेलस्ली पुढे १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनसमोर उभा ठाकला. त्याच्या हाताखाली सुमारे ६८ हजार सैनिक होते, तर नेपोलियनकडे त्याहून थोडे अधिक. दिवसभर ब्रिटिश, डच, बेल्जियन आणि जर्मन पलटणींनी एक लांबट उंचवटा धरून ठेवला. दुपारनंतर पूर्वेकडून फील्ड मार्शल ब्लूखर यांची प्रशियन फौज टप्प्याटप्प्याने येऊन पोहोचू लागली आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील जवळजवळ ५० हजार सैनिक रणांगणावर आले. सातच्या सुमारास नेपोलियनने आपले राखीव इम्पीरियल गार्ड पुढे घातले. ते मागे हटले आणि लढाईचा निकाल लागला. पुढील कथेसाठी ही संध्याकाळी सातची वेळ लक्षात ठेवावी. सायबॉर्न यांच्या सगळ्या परिश्रमांचा आणि सगळ्या दुःखांचा उगम त्या एका घटकेत आहे.

मोजणीत रमणारा अधिकारी

विल्यम सायबॉर्न यांचा जन्म १७९७ चा. वडील ब्रिटिश सेनेच्या नवव्या पायदळ पलटणीत अधिकारी होते आणि मुलगाही पंधराव्या-सोळाव्या वर्षी, सन १८१३ मध्ये, त्याच पलटणीत दाखल झाला. वॉटर्लूची लढाई झाली तेव्हा ते तेथे नव्हते. लढाई संपल्यानंतर पॅरिसमध्ये तळ देऊन राहिलेल्या सैन्यात त्यांची रवानगी झाली. ज्या लढाईला आपण थोडक्यात मुकलो, तिचाच ध्यास पुढे त्यांना लागला, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

तलवारीपेक्षा त्यांचा हात मोजणीच्या साखळीवर आणि नकाशाच्या कागदावर अधिक बसला होता. डोंगर, उतार, ओढे, रस्ते कागदावर अचूक कसे उतरवावेत, या विषयावर त्यांनी १८२२ आणि १८२७ मध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध केली. सन १८२६ पासून ते आयर्लंडमधील सरसेनापतींचे सहायक लष्करी सचिव म्हणून काम पाहत होते. कचेरीचे काम नेमस्त, पगार ठरलेला, वरिष्ठांचा विश्वास संपादन केलेला. अशा स्थितीत सन १८३० मध्ये ब्रिटिश सेनेचे सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्यांच्यावर एक निराळीच कामगिरी सोपवली. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करून ती एका नियोजित लष्करी संग्रहालयात ठेवायची होती.

लष्करात अशा प्रतिकृतींची परंपरा जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सन १६६८ पासून सीमेवरील तटबंदीच्या शहरांच्या लाकडी प्रतिकृती करून घेण्यास प्रारंभ केला. त्यांचे प्रमाण साधारणपणे एकास सहाशे असे आणि त्यांतील अनेक आजही पॅरिसमध्ये जपलेल्या आहेत. दूरच्या किल्ल्याला वेढा पडला तर राजवाड्यात बसून सल्ला देता यावा, हा त्यांचा उपयोग. आपल्याकडे आजही सैनिकांना मोहिमेपूर्वी जमिनीवर वाळू पसरून, रंगीत भुकटीने नदी-रस्ते दाखवून परिसर समजावून सांगतात. त्याला 'सँड मॉडेल' म्हणतात आणि एन.सी.सी.च्या शिबिरात गेलेल्या मुलामुलींना ते परिचित असते. सायबॉर्न यांच्यापुढील काम मात्र याहून अवघड होते. त्यांना घडून गेलेला एक क्षण पंधरा वर्षांनंतर पुन्हा जसाच्या तसा उभा करायचा होता.

शेतवाडीतील आठ महिने

सायबॉर्न यांनी काम हाती घेताच बेल्जियम गाठले आणि ला हे सेंत या शेतवाडीत मुक्काम केला. ही वाडी ब्रसेल्सकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ब्रिटिश आघाडीच्या मध्यभागी होती. लढाईत तिच्यासाठी घनघोर झुंज झाली होती. तेथे ते आठ महिने राहिले. प्रत्येक चढउतार, प्रत्येक कुंपण, शेताच्या बांधाची प्रत्येक रेषा त्यांनी मोजली.

या मोजणीत एक मोठी अडचण होती. लढाईनंतर त्या जागेवर एक प्रचंड स्मारक-टेकडी उभारण्यात आली होती. सन १८२६ मध्ये पूर्ण झालेली, माथ्यावर सिंहाचा पुतळा असलेली ही टेकडी सुमारे ४० मीटर उंच आहे. तिच्यासाठी लागणारी माती रणभूमीतूनच उचलली गेली. परिणामी ज्या उंचवट्याच्या आधाराने वेलिंग्टनने आपली फौज दडवली होती, त्याचाच एक भाग खचून गेला. स्मारक उभारण्याच्या उत्साहात ज्याचे स्मरण करायचे तीच जागा बदलली गेली. सायबॉर्न यांना मूळ उंचीचा माग काढत जमीन पुन्हा कागदावर घडवावी लागली.

जमीन मिळाली, पण त्या दिवशी तिच्यावर कोण कुठे उभे होते? सरकारी अहवालांत एवढा तपशील नव्हता. सन १८३४ मध्ये सायबॉर्न यांनी एक साधा आणि तितकाच विलक्षण मार्ग काढला. वॉटर्लूला लढलेल्या आणि अद्याप हयात असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांनी एक परिपत्रक पाठवले. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, तिची रचना कशी होती, समोर शत्रूची कोणती तुकडी होती, तुमच्या पुढील शेतात कोणते पीक उभे होते, असे प्रश्न त्यात होते. पिकाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु जूनमधील उंच वाढलेले राय नावाचे धान्य सैनिकाला झाकू शकत होते आणि तुडवलेले शेत तोफेला वाट देत होते. आपल्या धानाच्या बांधीत उभे पीक असताना पलीकडचे किती दिसते, हे ज्याला माहीत आहे त्याला या प्रश्नाचे मोल सांगावे लागणार नाही.

उत्तरे शेकड्यांनी आली. कोणी नकाशावर खूण करून पाठवली, कोणी धुरामुळे काही दिसले नाही अशी प्रांजळ कबुली दिली, कोणी शेजारच्या पलटणीने घेतलेल्या श्रेयावर नाराजी व्यक्त केली. प्रशियन सेनेच्या अधिकाऱ्यांशीही त्यांनी पत्रव्यवहार करून माहिती मिळवली. एकच घटना, एकच घटका, आणि सांगणारे शेकडो. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागेवरून खरे होते आणि कोणाचेही म्हणणे पूर्ण नव्हते. अनेकान्ताचा विचार घरातच ऐकत वाढलेल्या वाचकाला येथे हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सायबॉर्न यांनी मात्र त्यातून एकही साक्ष फेकून दिली नाही. एकमेकांना छेद देणारी पत्रेही त्यांनी नीट लावून जपली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी नोंदीबरोबर प्रत्येक पावती जपून ठेवली. पुढे त्यांच्या कामाला तारले ते या पावत्यांनीच.

प्रमाणाचे गणित

आता प्रतिकृतीच्या रचनेकडे वळू. सायबॉर्न यांनी प्रमाण धरले ते एका मैलाला नऊ फूट. मैलात ५,२८० फूट असतात. म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे ५८७ फूट प्रतिकृतीत एका फुटात बसतात. फ्रेंच राजाच्या जुन्या प्रतिकृतींच्या एकास सहाशे या प्रमाणाच्या हे अगदी जवळचे आहे. तयार झालेली प्रतिकृती २१ फूट ४ इंच लांब आणि १९ फूट ८ इंच रुंद भरली. सुमारे ४२० चौरस फुटांचा, म्हणजे एखाद्या लहान सदनिकेएवढा हा पसारा. तिच्यावर कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे जवळपास ७५ हजार सैनिक उभे करण्यात आले.

येथे एक मौजेचा प्रश्न उद्भवतो. साडेपाच फूट उंचीचा माणूस ५८७ पट लहान केला तर तो जेमतेम ३ मिलीमीटरचा होईल. एवढ्या सैनिकाला ना गणवेश रंगवता येईल, ना त्याची बंदूक दिसेल. म्हणून सायबॉर्न यांनी सैनिकाची उंची सुमारे एक सेंटीमीटर ठेवली. मोठा झालेला सैनिक जागाही जास्त व्यापतो. तेव्हा एका बाहुलीने साधारण दोन सैनिकांचे प्रतिनिधित्व करावे असा तोडगा निघाला; त्यामुळे पलटणीने व्यापलेली जमीन मात्र बिनचूक राहिली. जमिनीच्या उंचीचेही तसेच. पन्नास फुटांचा उंचवटा या प्रमाणात इंचभरच दिसला असता आणि लढाईत त्याचे महत्त्व काय होते हे कोणाला कळले नसते. म्हणून उंचीचे प्रमाण आडव्या प्रमाणापेक्षा मोठे धरले गेले.

प्रामाणिक प्रतिकृती म्हणजे प्रत्येक गोष्ट यांत्रिकपणे लहान करणे नव्हे, हे यातून दिसते. काय मोठे करायचे, काय गाळायचे याचा निर्णय करणाऱ्याला घ्यावाच लागतो. फरक इतकाच की तो निर्णय उघड असावा आणि पाहणाऱ्याची दिशाभूल करण्यासाठी घेतलेला नसावा. ताळेबंदातही आकडे हजारांत की लाखांत हे शीर्षकाशी लिहिलेले असते. तेवढे लिहिले की पुढचा आकडा खरा धरता येतो.

कर्जाचा डोंगर

परिपत्रके निघण्यापूर्वीच, सन १८३३ मध्ये, या कामावर पहिला आघात झाला. सरकार बदलले होते, काटकसरीचे वारे वाहत होते, आणि नव्या मंत्रिमंडळाने पुढील खर्च देण्यास नकार दिला. तोपर्यंत मिळालेली रक्कम एकूण खर्चाच्या मानाने अल्प होती. सायबॉर्न यांच्यापुढे दोन वाटा होत्या. काम तेथेच थांबवून कचेरीच्या नोकरीत सुखाने राहावे, किंवा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जावे. त्यांनी दुसरी वाट धरली. स्वतःजवळचे पैसे घातले, उसने घेतले, आणि नोकरी सांभाळून पुढील पाच वर्षे काम चालवले. एकूण खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. मध्यम दर्जाच्या लष्करी नोकरदारासाठी ही रक्कम डोंगराएवढी होती.

बँकेच्या खिडकीतून जग पाहिलेल्या कोणालाही येथे काळजी वाटेल. ज्या कामाचे मोल केवळ एका गिऱ्हाइकावर, म्हणजे सरकारवर अवलंबून आहे, त्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवल्यावरही उधारीवर माल घडवत राहणे हा शहाणा व्यवहार नव्हे. प्रेमापोटी केलेल्या उद्योगात माणूस तारण पाहत नाही. सायबॉर्न यांची ही चूक झाकून त्यांचे गुणगान करण्यात अर्थ नाही, कारण पुढील मानहानीची मुळे या कर्जातच आहेत.

ऑक्टोबर १८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातील इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती प्रदर्शनास खुली झाली. प्रवेशाला एक शिलिंग. लोकांनी गर्दी केली. सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली असे सांगितले जाते. वीस शिलिंगांचा एक पौंड. या हिशेबाने एक लाख शिलिंग म्हणजे पाच हजार पौंड होतात आणि खर्च तर तीन हजारांचा. कागदावर पाहता कर्ज फिटून दोन हजार पौंड शिल्लक उरायला हवे होते. प्रत्यक्षात सायबॉर्न यांच्या हाती नफा म्हणावे असे काही आले नाही आणि कर्ज जसेच्या तसे राहिले. दालनाचे भाडे, वाहतूक, जाहिरात, नोकरवर्ग आणि मधले हात असे खर्च अशा प्रत्येक प्रदर्शनाला असतात. दाराशी जमा होणारी रक्कम आणि मालकाच्या घरी पोहोचणारी रक्कम यांत केवढे अंतर असू शकते, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने माहीत असते. उलाढालीवर भाळून नफ्याचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी हा एक लाख शिलिंगांचा दाखला कायमचा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

चाळीस हजार सैनिकांचा प्रश्न

या आर्थिक ओढाताणीपेक्षाही कठीण परीक्षा निराळीच होती. संध्याकाळी सातची स्थिती दाखवायची म्हणजे त्या वेळी रणांगणावर पोहोचलेली प्रशियन फौजही दाखवणे क्रमप्राप्त होते. सायबॉर्न यांनी पत्रांच्या आणि प्रशियन माहितीच्या आधारे ती दाखवली. प्रतिकृती पाहणाऱ्याच्या नजरेत पहिल्याच क्षणी भरणारी गोष्ट अशी होती की फ्रेंच सैन्याच्या उजव्या बगलेवर आणि पिछाडीच्या बाजूस मित्रफौजेचा मोठा समूह येऊन भिडलेला आहे, आणि विजयात त्याचा वाटा लहान नाही.

वेलिंग्टनच्या वर्तुळात हे रुचले नाही. ड्यूकचे विश्वासू सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट यांनी ही नाराजी सायबॉर्न यांच्यापर्यंत पोहोचवली. सॉमरसेट स्वतः वॉटर्लूला लढलेले होते आणि तेथे त्यांनी आपला उजवा हात गमावला होता. त्यांचा आक्षेप असा की त्या घटकेला प्रशियन इतके पुढे आलेले नव्हते. त्यांना असे दाखवल्याने पाहणाऱ्याचा गैरसमज होईल. आक्षेपात लष्करी तपशिलाचा एक मुद्दा होता हे मान्य केले पाहिजे. रणांगणावर दहा-वीस मिनिटांच्या फरकाने चित्र बदलते. तरीही एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जून १८१५ रोजी, लिहिलेल्या आपल्या अधिकृत अहवालात वेलिंग्टननेच ब्लूखर आणि प्रशियन सेनेच्या वेळेवर मिळालेल्या साहाय्याला विजयाचे श्रेय मोकळ्या मनाने दिले होते. पुढील वीस वर्षांत तो विजय ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय बनला होता, ड्यूक पंतप्रधानपदही भूषवून बसला होता, आणि भागीदाराच्या नावाची नोंद आता अडचणीची वाटू लागली होती.

सायबॉर्न प्रथम आपल्या पुराव्यांवर ठाम राहिले. पण त्यांची बाजू दुबळी होती. ते सेवेतील एक कनिष्ठ अधिकारी. समोर साम्राज्याचा सर्वांत वजनदार माणूस. डोक्यावर तीन हजार पौंडांचा बोजा. आणि तो उतरायचा तर प्रतिकृती राष्ट्राने विकत घ्यावी ही एकच आशा. राष्ट्राच्या खरेदीची किल्ली ज्यांच्या हाती, तेच नाराज. अखेर सायबॉर्न नमले. सुमारे चाळीस हजार प्रशियन सैनिक दर्शवणाऱ्या बाहुल्या त्यांनी प्रतिकृतीवरून उचलल्या.

या घटनेवर निवाडा देणे सोपे आहे, पण त्या माणसाच्या जागी बसून पाहणे अधिक योग्य ठरेल. ज्या हातांनी एकेक तुकडी पत्रे ताडून जागेवर लावली, त्याच हातांना त्या तुकड्या उचलाव्या लागल्या. आणि एवढे करूनही सरकारने ती प्रतिकृती विकत घेतली नाही, ड्यूकची मर्जीही परत मिळाली नाही. सत्याच्या बदल्यात जे मिळेल असे वाटले, ते मिळालेच नाही. कर्जदाराची स्वाक्षरी किती स्वतंत्र असते, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पावत्यांनी तारलेले काम

सायबॉर्न यांची कथा येथे संपली असती तर ती केवळ करुण ठरली असती. परंतु बाहुल्या उचलल्या तरी पत्रे त्यांच्यापाशीच होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी १८१५ च्या युद्धाचा दोन खंडांतील विस्तृत इतिहास लिहिला. तो १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशियन सेनेच्या लढाया, माघार आणि वॉटर्लूकडील कूच यांना त्यांनी सविस्तर जागा दिली. प्रतिकृतीवरून जे गेले, ते पुस्तकाच्या पानांवर पुन्हा आले.

प्रतिकृतींचे वेडही सुटले नव्हते. सन १८४४ मध्येच त्यांची दुसरी प्रतिकृती लंडनमध्ये प्रदर्शित झाली. तिच्यात रणांगणाचा एकच भाग, पण बऱ्याच मोठ्या प्रमाणात दाखवला होता. दुपारी झालेल्या ब्रिटिश घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याचा तो क्षण होता. सैनिक मोठे, चेहरे आणि घोडे स्पष्ट, गणवेश तपशीलवार. कारागिरीच्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा सरस होती. कर्ज मात्र तिनेही फेडले नाही.

आयुष्याच्या शेवटच्या काळात सायबॉर्न लंडनच्या चेल्सी भागातील रॉयल मिलिटरी असायलम या संस्थेचे सचिव होते. सैनिकांच्या मुलांचे, विशेषतः पोरक्या मुलांचे, संगोपन आणि शिक्षण करणारी ही संस्था. तेथेच जानेवारी १८४९ मध्ये वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पहिली प्रतिकृती लष्करी अभ्यासाच्या संस्थेच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. ज्या कामासाठी ती योजली होती, तेथे ती पोहोचली. करणारा तेवढा राहिला नव्हता.

पुढील पिढीने वारसा सांभाळला. चिरंजीव हर्बर्ट टेलर सायबॉर्न सैन्यात मेजर-जनरल या पदापर्यंत गेले. वडिलांनी जमवलेल्या पत्रांतून निवड करून त्यांनी १८९१ मध्ये 'वॉटर्लू लेटर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ पत्रव्यवहार आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि वॉटर्लूवर लिहिणारा कोणताही अभ्यासक त्या पत्रांना वळसा घालून जाऊ शकत नाही. चाळीस हजार प्रशियनांचे प्रकरणही या कागदपत्रांमुळेच जगाला कळले. एका बलाढ्य माणसाच्या दबावाने नोंद पुसली गेली, पण तिची पावती जपलेली असल्याने दीडशे वर्षांनंतरही ती पुन्हा मांडता आली.

पहिली प्रतिकृती आज लंडनमधील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे आणि दुसरी लीड्स येथील रॉयल आर्मरीजमध्ये. नॅशनल आर्मी म्युझियम चेल्सी भागातच आहे. ज्या परिसरात सायबॉर्न यांनी कर्जाच्या विवंचनेत शेवटचे दिवस काढले, त्याच परिसरात त्यांचे शिशाचे सैनिक आजही त्या संध्याकाळच्या सात वाजता उभे आहेत.

वैरागडच्या वाटेवर

आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला हा या भागाचा स्वतःचा वारसा आहे. गोंड राजवटीच्या आठवणी सांगणारा हा भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, दगडी तटबंदी आणि आत माजलेली झाडी अनेकांनी पाहिली असेल. तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'त आढळते. तटाचे दगड दरवर्षीच्या पावसात थोडेथोडे ढासळतात. पुढील दिवाळीत मुलांनी अंगणात काल्पनिक किल्ल्याऐवजी वैरागड उभा करायचे ठरवले, तर त्यांना आधी तेथे जाऊन पावले मोजावी लागतील, दरवाज्याची दिशा पाहावी लागेल, गावातील वृद्धांना खंदकात पाणी कोठवर असे ते विचारावे लागेल. दोन आजोबांनी दोन वेगळी उत्तरे दिली, तर ती दोन्ही नावांसह आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावी लागतील. किल्ला चार दिवसांत पावसाने किंवा पावलांनी मोडेल. वही मात्र राहील.

हीच सवय घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही लावता येईल. कोणी सैन्यात होते, कोणी बैलगाडीतून धान आणि कोसा घेऊन नागपूरची बाजारपेठ गाठली होती, कोणी पुराच्या वर्षी गोदाम कसे वाचवले ते सांगतात. लढाईला एकोणीस वर्षे होत आली असता सायबॉर्न यांनी पत्रे पाठवली, म्हणून उत्तर देणारे हयात होते. आणखी वीस वर्षे थांबले असते, तर बहुतेक पत्रे उत्तराविना परत आली असती.

यंदा वहीपूजन होईल तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे शुभ-लाभ लिहिले जाईल. त्याच दिवशी एक दुसरी कोरी वही घेऊन घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ नातवाने बसावे आणि पहिला प्रश्न विचारावा. उत्तर जसे मिळेल तसे लिहावे. ते आपल्या सोयीचे असो वा नसो.